बिघाडाचे कारण

नोव्हेंबरच्या तीस तारखेला ऑफिसात
नारळ दिला, शाल दिली, आणि भिंतीवरचं घड्याळ.
ज्याला वेळच वेळ झाला
त्यालाच घड्याळ काहून देतात, कोण जाणे.

तेहतीस वर्षं लाइनमन होतो.
जेवायला बसलो की फोन,
कुठंतरी डीपी उडालेली.
आता दुपारचे दोन ते चार
तुटून पडलेल्या तारेसारखे अंगणात पडून राहत.
हात लावायची भीती वाटे.

पंचफुला म्हणाली, "कशाचा तरी नाद लावून घ्या जी.
बसल्या बसल्या माह्या कुकरच्या शिट्ट्या मोजता."

मग सुरू केलं फिरणं.
पण आमच्या गावात बिनकामाचं चालता येत नाही.
पहिल्याच दिवशी चौघांनी गाडी थांबवली.
"बसा ना भाऊ, कुठी चाल्ले?"
"कुठी नाही, फिरून राह्यलो."
"काहून? शुगर निंघाली का?"
तिसऱ्या दिवशी मी शुगर कबूल करून टाकली.

परसात वांगी लावली.
वांदरांनी कोवळीच तोडली,
एकेक चावा घेऊन टाकून दिली,
जशी चव पाहायला त्यांना मीच बोलावलं होतं.

उकंडरावांच्या मंडळात पेटी शिकायला बसलो.
माझी बोटं पकडीची,
एका दाबात दोन पट्ट्या.
उकंडराव मोठा सोशिक माणूस.
महिनाभरानं म्हणाले,
"भाऊ, तुम्ही मंडपातलं लायटिंग पाहा."

नातीनं मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडायचा खेळ टाकून दिला.
दोन दिवस फोडल्या.
रात्री डोळे मिटले तरी फुटतच होत्या.

मान मात्र वरच राहिली.
रस्त्यानं जाताना लोक पीक पाहतात,
मी तारेचा झोल पाहतो.
अशाच एका सकाळी, खांब नंबर एकशे बारा:
पांढरी, खांद्याला काळी, डोळे इंगळासारखे,
खालच्या हरभऱ्यावर नजर रोवून बसलेली.
खिशात किराण्याची चिठ्ठी होती,
तिच्या पाठीवर लिहिलं:
"११२. कापशी. सात वीस. उंदीर मिळाला नाही."

का लिहिलं, माहीत नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं.

घरी एक कोरं रजिस्टर पडलं होतं, ऑफिसचंच,
रकाने छापलेले:
तारीख, वेळ, खांब नंबर, बिघाडाचे कारण.
आता त्या शेवटच्या रकान्यात
कोतवाल असतो, वेडा राघू असतो,
एकशे तीसवर जोडीनं होले.
ज्यांची नावं येत नाहीत त्यांना मी साहेबांची दिली.
एक ठेंगणा, पोट सुटलेला, दर दोन मिनिटांनी शेपूट झटकणारा,
तो आमचा आर्वीचा इंजिनिअर.

याच रकान्यात पूर्वीही लिहायचो.
"पक्षी." एवढंच.
खाली जळका पिसांचा गोळा पडलेला असायचा,
बुटानं बाजूला सारायचा,
फ्यूज घालायचा, पुढचा फोन घ्यायचा.
कोणता पक्षी,
हे तेहतीस वर्षांत वरूनही कोणी विचारलं नाही
आणि मीही नाही.

परवा संध्याकाळी लाइन गेली.
गाव शेषरावला फोन लावत होतं, मला नाही.
मी रजिस्टर घेऊन ओसरीत बसलो होतो, वाचता काही येत नव्हतं,
तेवढ्यात पंचफुला गच्चीवरून ओरडली,
"अजी, या ना वर! अठ्ठेचाळीसवर कोणीतरी नवीन आलं!"
तिला खांबाचे नंबर कधी पाठ झाले,
मला कळलंच नव्हतं.

वर गेलो. उजेड उतरलेला.
लहानसं काहीतरी, छाती पिवळसर, की मावळतीमुळं तसं दिसत होतं.
"कोण आहे ते?"
"माहीत नाही."
"मंग तसंच लिहा."
लिहिलं. कारण: माहीत नाही.
खाली गॅसवर कुकरची तिसरी शिट्टी झाली.
ते उडालं नाही.
चौथी झाली.